पर्यावरणपूरक वसतिगृह: आधी सावली आणि हवा, मग पाणी, सौर पॅनेल सगळ्यात शेवटी

कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं हॉस्टेल पर्यावरणपूरक करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिली निविदा गच्चीवरच्या सौर पॅनेलची निघते. पॅनेल लागतात, उद्घाटन होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या एप्रिलमध्ये तशाच तापत राहतात. फ्लशच्या टाक्या रात्रभर झिरपतात आणि मेसचं उरलेलं अन्न घंटागाडीतच जातं. क्रम उलटा लावला तर तेवढ्याच पैशांत कितीतरी जास्त काम होतं. आधी इमारत तापू द्यायची नाही, मग पाण्याची गळती आणि नासाडी थांबवायची, मग मेसचा कचरा हाताळायचा. एवढं झाल्यावर उरलेली विजेची गरज छोटी असते आणि तेवढ्यापुरते पॅनेल लावले की पुरतात.

घर आणि हॉस्टेल यांत एक मोठा फरक आहे. खोलीत राहणारा वीजबिल भरत नाही आणि बिल भरणारं कार्यालय खोलीत राहत नाही. शिवाय दरवर्षी निम्मी मुलं नवी येतात, म्हणजे गेल्या वर्षी लावलेली सवय यंदा पुन्हा शून्यापासून लावावी लागते. म्हणून "कृपया नळ बंद करा" अशा पाट्यांवर विसंबू नका. कोणी काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल अशीच व्यवस्था निवडा.

खालची सगळी आकडेमोड २०० विद्यार्थी, दोघांची एक अशा १०० खोल्या, तळमजला अधिक तीन मजले आणि सुमारे ६०० चौरस मीटर गच्ची असलेल्या महाराष्ट्रातल्या हॉस्टेलसाठी आहे. तुमच्या आकड्यांप्रमाणे प्रमाण बदलून घ्या.

आधी महिनाभर मोजणी

काहीही विकत घेण्याआधी तीन गोष्टी मोजा.

पाणी: गच्चीवरच्या प्रत्येक टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपवर मीटर बसवा. रोज ठरल्या वेळी आकडा लिहा आणि आठवड्यातून एकदा रात्री २ ला आणि पहाटे ४ ला वाचा. या वेळात सगळे झोपलेले असतात, त्यामुळे जे पाणी जातं ते जवळजवळ सगळं गळतीचं. दोन तासांत ५०० लिटर गेलं तर दिवसाला ६,००० लिटर गळती आहे, म्हणजे टँकरचा मोठा भाग. हॉस्टेलसाठी माणशी रोज १३५ लिटर हे भारतीय मानक धरलं तर २०० जणांना २७,००० लिटर लागतात. तुमचा आकडा याच्या बराच वर असेल तर सांडपाणी प्रकल्पाचा विचार बाजूला ठेवून आधी प्लंबरला बोलवा.

वीज: मजलावार, आणि मेस, पंप, गरम पाणी यांचे वेगळे सब-मीटर लावा. एकाच मुख्य मीटरच्या बिलावरून कुठे काय जळतंय हे कधीच कळत नाही.

अन्न: सात दिवस, दोन्ही जेवणांनंतर, ताटातलं उरलेलं, शिजवून उरलेलं आणि भाजीची देठं-सालं वेगवेगळी वजन करा. बायोगॅसचा आकार याच आकड्यावर ठरणार आहे. अंदाजे धरलेला आकडा इथे हमखास फसतो.

ऊन: कुठल्या भिंतीवर, किती वाजता

नवी इमारत असेल तर तिची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे खोल्या उत्तरेला आणि दक्षिणेला उघडतील. पश्चिमेच्या टोकाला जिना, स्वच्छतागृहं, सामानाच्या खोल्या घाला. दुपारी तीन ते सहाचं ऊन त्यांनी झेलावं, विद्यार्थ्यांच्या खोल्यांनी नाही.

दक्षिणेची खिडकी सांभाळायला सोपी. पुण्याच्या अक्षांशावर १.२ मीटर उंच खिडकीवर ६० सेंमीचा छज्जा असेल तर मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भर दुपारी जवळजवळ पूर्ण खिडकी सावलीत राहते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला ४८ अंशांपर्यंत खाली येतो, तेव्हा खिडकीच्या निम्म्या भागातून ऊन आत येतं, आणि थंडीत ते हवंच असतं. म्हणजे एकाच छज्ज्यात दोन्ही कामं होतात. सूर्य पुण्यात मेच्या मध्यावर आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, हाच शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलैपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून उत्तरेच्या खिडक्या अगदी उघड्या ठेवू नका. ३० ते ४५ सेंमी छज्जा आणि बाजूला छोट्या उभ्या पट्ट्या तिथे पुरतात.

पश्चिमेला मात्र छज्जा जवळजवळ निरुपयोगी. मे महिन्यात चारच्या सुमारास ऊन इतकं तिरपं येतं की ६० सेंमी छज्जा वरचा जेमतेम अर्धा मीटर झाकतो. तिथे उभ्या पट्ट्या, सिमेंटची किंवा मातीची जाळी, भिंतीपासून फूटभर पुढे जाळीवर चढवलेला वेल किंवा झाडं हवीत. झाडं निवडताना एप्रिल-मे मध्ये पानं असतात का ते बघा. बहावा फुलतो सुंदर, पण त्याच वेळी त्याची पानं गळालेली असतात, म्हणून तो प्रवेशद्वाराशी लावा. पश्चिमेच्या भिंतीसाठी करंज आणि कडुनिंब चांगले, भिंतीपासून ५–६ मीटरवर. वड, पिंपळ, उंबर ड्रेनेज लाइनच्या जवळपास नकोत, त्यांची मुळं सांध्यातून आत शिरतात.

भिंतींसाठी राखेच्या विटा महाराष्ट्रात सहज मिळतात. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी, एकलहरे इथल्या औष्णिक केंद्रांची राख त्यात जाते आणि भाजणीचं इंधन वाचतं. कुशल गवंडी मिळत असतील तर वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली रॅट-ट्रॅप पद्धत विचारात घ्या. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवतात, मध्ये पोकळी राहते, सुमारे २५ टक्के विटा कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णता हळू आत येते. वीट मात्र एकसारख्या मापाची आणि सरळ कडेची हवी. वाकड्या विटांनी ही भिंत बांधली तर पोकळीत माल पडत राहतो आणि सगळा फायदा जातो. विजेच्या पाइपांच्या जागाही आधीच ठरवाव्या लागतात, कारण नंतर खाचे मारले तर पोकळी फुटते.

हवा: खिडकी किती, आणि ती उघडी राहते का

मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या हा हॉस्टेलचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कोंदट नकाशा. हवा एका खिडकीतून येते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. जागा असेल तर एकाच बाजूला खोल्या आणि दुसऱ्या बाजूला उघडी गॅलरी ठेवा, किंवा जुन्या वाड्यासारखा मध्ये चौक. बोळ असलेली जुनी इमारत असेल तर दोन बदल करा: प्रत्येक दारावर ४५ सेंमी उंचीचं उघडझाप होणारं व्हेंटिलेटर, आणि बोळाची दोन्ही टोकं व जिन्याचा माथा जाळीने उघडा. गरम हवा जिन्यातून वर निघून जाते.

खिडकीच्या मापासाठी इको निवास संहिता २०१८ (निवासी इमारतींसाठीची केंद्राची ऊर्जा संहिता) मधलं प्रमाण चांगला आधार आहे: उघडणारं क्षेत्र खोलीच्या चटई क्षेत्राच्या तुलनेत मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत १६.६६ टक्के, नागपूरसारख्या संमिश्र हवेत १२.५ टक्के, उष्ण-कोरड्या भागात १० टक्के. यातला "उघडणारं" हा शब्द महत्त्वाचा. १५ चौरस मीटरच्या खोलीला मुंबईत अडीच चौरस मीटर उघडं क्षेत्र लागतं. १.८ बाय १.२ मीटरची सरकती खिडकी दिसायला २.१६ चौरस मीटर असते, पण दोन झडपांची असल्याने उघडते निम्मीच. बिजागऱ्यांची खिडकी ९० टक्के उघडते. त्याच भोकात खिडकीचा प्रकार बदलला की हवा जवळजवळ दुप्पट होते.

आता तीच खिडकी बंद का राहते ते बघा. कारणं ठरलेली आहेत. डास येतात, म्हणून स्टीलची जाळी वेगळ्या चौकटीत, काढून धुता येईल अशी द्या. मुलींच्या हॉस्टेलमध्ये रस्त्याकडची किंवा समोरच्या इमारतीकडची खिडकी कायम पडद्याआड बंद असते. तिचा खालचा ९० सेंमीचा भाग तिरक्या पट्ट्यांचा आणि वरचा भाग उघडणारा केला तर आडोसा राहतो आणि हवाही येते. तिसरं कारण नकाशावर कधीच दिसत नाही: लोखंडी कपाट. खाट आणि कपाटाची जागा आराखड्यातच पक्की केली नाही तर कपाट नेमकं खिडकीच्या अर्ध्या भागापुढे उभं राहतं, कारण खोलीतली तीच एक मोकळी भिंत असते. कपाट भिंतीत बांधून द्या, तेही पश्चिमेच्या भिंतीला. कपड्यांचा तो थर ऊन अडवायलाही मदत करतो.

विदर्भ-मराठवाड्यात कुलर लागणारच. कुलर खिडकीबाहेर सावलीत हवा, आणि आत ढकललेली हवा बाहेर जायला दारावरचं व्हेंटिलेटर उघडं हवं. ते बंद असेल तर तासाभरात खोली दमट होते आणि मुलं पंखाही वाढवतात, कुलरही. दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासून कोरडी करा. नुसतं पाणी बदलून चालत नाही, एडिस डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली राहतात. कोकणात कुलरवर पैसे घालू नका, तिथल्या दमट हवेत तो गारवा देतच नाही.

गच्ची

वरच्या मजल्याची उष्णता मुख्यतः स्लॅबमधून येते. इमारत जुनी असेल आणि ब्रिकबॅट कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) ठीक असेल तर त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी हा सगळ्यात टिकाऊ उपाय. ती घासून धुता येते आणि वर्षानुवर्षं पांढरी राहते. कोबा पोकळ वाजत असेल, म्हणजे काठीने ठोकल्यावर ढब आवाज येत असेल, तर आधी तो भाग उकरून दुरुस्त करा. वर रंग मारून गळती झाकली तर पाणी स्लॅबमध्ये साठून सळ्या गंजतात.

परावर्तक रंग लावायचा असेल तर एसआरआय (सौर परावर्तन निर्देशांक) ७८ किंवा जास्त असलेला घ्या. गच्ची धुऊन, भेगा भरून, कोरडी करून दोन हात द्या, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. काम होळीच्या आधी संपवा. धूळ बसली की परावर्तन घटतं, म्हणून मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी झाडू आणि महिन्यातून एकदा धुणं, हे सफाईच्या करारातच लिहा. नवी इमारत असेल तर स्लॅबवर इन्सुलेशनचा थर घाला. इको निवास संहितेची छपरातून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश आहे आणि उघडा काँक्रीट स्लॅब तिच्या जवळपासही जात नाही.

गरम पाणी: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

सकाळी सहा ते आठ या दोन तासांत जवळजवळ सगळे आंघोळ करतात. पाणी वेळेवर गरम आलं नाही की खोल्याखोल्यांत हीटिंग रॉड दिसायला लागतात. ते धोकादायक आहेत आणि वीजही खातात. रॉडवर बंदी घालण्याआधी गरम पाण्याची लाइन तपासा.

हिशोब असा. एक बादली २० लिटर, ४० अंशांची. टाकीत ६० अंशांचं आणि नळाला २० अंशांचं पाणी असेल तर निम्मं-निम्मं मिसळावं लागतं, म्हणजे माणशी १० लिटर गरम पाणी. नासाडी आणि पाइपमधला तोटा धरून १२ लिटर. २०० जणांना २,४०० म्हणजे २,५०० लिटरची सौर गरम पाण्याची व्यवस्था. दर १०० लिटरला सुमारे २ चौरस मीटर कलेक्टर (ऊन शोषून पाणी तापवणारा भाग) लागतो, म्हणजे एकूण ५० चौरस मीटर. शॉवर दिले तर हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून बादलीचीच सोय ठेवा.

एकच २,५०० लिटरची टाकी गच्चीच्या कोपऱ्यात बसवू नका. प्रत्येक स्वच्छतागृहाच्या उभ्या पाइपांच्या शाफ्टवर एक, अशा ५०० लिटरच्या पाच व्यवस्था करा. २५ मिमी पाइपात दर मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी राहतं. टाकी ४० मीटर लांब असेल तर नळ उघडल्यावर आधी बादलीभर गार पाणी येतं आणि ते मोरीत जातं. उभी लाइन लांबच असेल तर परतीची लाइन, छोटा पंप आणि पहाटे ५ ते ८ चा टायमर लावा.

बसवताना हे तपासा:

१. गार पाण्याच्या टाकीचा तळ सौर टाकीच्या माथ्याच्या वर हवा, नाहीतर टाकी पूर्ण भरत नाही आणि वरच्या मजल्याला धार येत नाही.
२. सौर टाकीला जाणारी गार पाण्याची लाइन स्वतंत्र ठेवा. ती इतर नळांशी जोडलेली असली तर पाणी संपल्यावर हवा भरते.
३. मिक्सर नळ असतील तर गरम आणि गार दोन्ही लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. तो नसेल तर गरम पाणी उलटं गार लाइनमध्ये शिरतं आणि "टाकी गरम आहे पण नळाला कोमट येतं" ही तक्रार वर्षभर चालते.
४. सगळ्या गरम लाइनला इन्सुलेशन, आणि उन्हातल्या इन्सुलेशनवर अॅल्युमिनियमचं वेष्टन. उघडा काळा फोम उन्हाने दोन-तीन वर्षांत भुगा होतो.
५. बोअरचं जड पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांचे फ्लॅट प्लेट कलेक्टर क्षार बसून बंद पडतात. तिथे हीट एक्स्चेंजर असलेली (कलेक्टरमध्ये वेगळंच पाणी फिरवणारी) व्यवस्था घ्या किंवा काचेच्या नळ्यांची घेऊन दरवर्षी क्षार काढा.

ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेचा हीटर असतो आणि तो बहुतेक ठिकाणी कायम चालू असतो. संध्याकाळी पाणी जरा गार झालं की तो रात्रभर तापवतो, सकाळी टाकी आधीच गरम, आणि उन्हाला करायला काम उरत नाही. वीज जळते आणि कागदावर सौरऊर्जा दिसते. हीटरला टायमर लावून तो फक्त पहाटे ३ ते ६ चालेल असं करा आणि थर्मोस्टॅट ५० अंशांवर ठेवा. २,५०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ११६ युनिट लागतात. हेच काम हवेतली उष्णता पाण्यात ओढणाऱ्या हीट पंपाने ४० च्या आसपास होतं, म्हणून जून ते सप्टेंबर ढगच ढग असलेल्या कोकणात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याला पूरक म्हणून हीट पंप घ्या.

पाणी: गळती, फ्लश, पाऊस, सांडपाणी

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला २० लिटरहून जास्त. फ्लशच्या टाकीची गळती दिसत नाही. टाकीत खाण्याचा रंग टाका, पंधरा मिनिटांत भांड्यात रंग उतरला तर रबर बदला. दर तीन महिन्यांनी सगळ्या टाक्यांची ही तपासणी करा, आणि एकाच बनावटीचे रबर, वायसर, कार्ट्रिज स्टोअरमध्ये ठेवा. पाच प्रकारचे नळ असलेल्या हॉस्टेलमध्ये सुटा भाग कधीच वेळेवर मिळत नाही.

जुन्या १० लिटरच्या टाक्या काढून ३/६ लिटरच्या दुहेरी फ्लशच्या बसवा, पण आधी मागच्या लाइनचा उतार तपासा. १०० मिमी पाइपाला ४० ते ६० ला १ एवढा उतार नसेल तर कमी पाण्याने मैला पुढे सरकत नाही, लाइन तुंबते, आणि दोष नव्या टाकीला दिला जातो. हात धुण्याच्या नळांना एअरेटर (धारेत हवा मिसळणारी जाळी) आणि दाबाचे नळ लावा. बादलीच्या नळाला एअरेटर लावू नका, तिथे पाणी तेवढंच लागतं, फक्त वेळ वाढतो आणि रांग लागते.

पिण्याच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओ बसवू नका, गाळणी आणि यूव्ही पुरे. आरओ अपरिहार्य असेल तर त्याचं टाकाऊ पाणी फरशी पुसायच्या टाकीत सोडा.

पावसाचं पाणी: ६०० चौरस मीटर गच्ची, पुण्यासारखा वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस आणि ०.८ गुणक (म्हणजे पाचवा भाग वाया) धरला तर ३,३६,००० लिटर. २७,००० लिटर रोजच्या वापराला हे बारा-तेरा दिवस पुरतं. म्हणून साठवण टाकीवर मोठा खर्च न करता बोअर किंवा विहिरीचं पुनर्भरण करा आणि साठवण पावसाळ्यातल्या फ्लश व धुण्यापुरती ठेवा. प्रत्येक पन्हाळीला पहिला पाऊस बाजूला काढणारा पाइप द्या, दर १०० चौरस मीटर गच्चीला १५० लिटर. दख्खनच्या पठारावर शोषखड्डा खणताना काळी माती पूर्ण ओलांडून मुरुमापर्यंत जा. काळ्या मातीतच थांबलेला खड्डा पहिल्या दोन सरींत भरतो आणि महिनाभर तसाच राहतो, मग त्यात डास होतात. खाली सलग कातळ लागला तर खड्डा सोडून द्या आणि गाळणीतून बोअरमध्ये पाणी उतरवा.

आंघोळीचं आणि बेसिनचं पाणी शौचालयाच्या पाण्यापासून वेगळं काढता येत असेल तरच सांडपाण्याच्या पुनर्वापराला हात घाला. शाफ्ट बाहेरच्या भिंतीला असेल तर जुन्या इमारतीतही हे जमतं. सगळं पाणी शुद्ध करायचा हट्ट नको. फ्लशला ५–६ हजार लिटर आणि बागेला थोडं, म्हणजे रोज ७,००० लिटर पुरे. त्यासाठी:

गाळ बसण्याची ७,००० लिटरची टाकी, दोन कप्प्यांची. पुढे ९० चौरस मीटरचा, ६० सेंमी खोल खडीचा वाफा. दोन्ही टोकांना ४० ते ६० मिमी दगड आणि मध्ये १० ते २० मिमी धुतलेली खडी. त्यात कर्दळ आणि पाणकणीस लावा. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली ८–१० सेंमी ठेवा, वर पाणी दिसलं की डास आलेच. अशा वाफ्यात पाणी सुमारे तीन दिवस मुरतं. शेवटी वाळूची गाळणी, क्लोरीन आणि साठवण, तीही एका दिवसापुरतीच. नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) विकसित केलेलं फायटोरिड तंत्र याच जातीचं आहे. संस्थेची तांत्रिक मदत हवी असेल तर तिकडून सुरुवात करावी.

कच्चं सांडपाणी टाकीत दिवसभराहून जास्त थांबलं की सडतं. मग सगळा प्रकल्प बदनाम होतो. शुद्ध केलेल्या पाण्याची लाइन वेगळ्या रंगाची ठेवा, तिला कुठेही साधा नळ देऊ नका, आणि पिण्याच्या लाइनशी व्हॉल्व्हनेसुद्धा जोडू नका. टंचाईत कोणीतरी तो व्हॉल्व्ह उघडतोच.

मेस

आधी उरणं कमी करा. उद्या कोण जेवणार नाही याची नोंद आदल्या संध्याकाळपर्यंत घ्या, भाताचा डाव लहान करा, भाजी वाटीतून वाढा. त्यानंतर जे उरेल त्याचा बायोगॅस.

रोज ४० किलो ओला कचरा धरला तर तेवढंच पाणी मिसळून ८० लिटर राबडी होते. ४० दिवस मुरायला ३,२०० लिटर, म्हणून ४ घनमीटरची टाकी घ्या. यातून रोज ३ ते ४ घनमीटर गॅस मिळतो. १ घनमीटर साधारण ४५० ग्रॅम एलपीजीच्या बरोबरीचा, म्हणजे रोज दीड किलोच्या आसपास, आणि १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर सुमारे बारा दिवसांत वाचतो. स्वयंपाक यावर होणार नाही. पाणी तापवणं, डाळ शिजवणं होईल. एवढंच सांगून मंजुरी घ्या, जास्त सांगितलं तर पहिल्या महिन्यातच निराशा होते. पुण्याच्या आरती (अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) संस्थेचं छोटं संयंत्र आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं निसर्गऋण ही दोन्ही तंत्रं अन्नकचऱ्यावर चालतात. निसर्गऋण मोठ्या, अनेक हॉस्टेलांच्या एकत्रित कचऱ्याला योग्य.

सुरुवात ४००–५०० किलो ताज्या शेणाने, तेवढ्याच पाण्यात कालवून. दोन-तीन आठवड्यांनी ज्योत निळी जळू लागली की रोज ५ किलो कचरा घाला आणि दर आठवड्याला ५ किलोने वाढवा. पहिल्याच दिवशी ४० किलो ओतलं की टाकी आंबते: आंबट वास येतो, गॅस फुगतो पण पेटत नाही. मग चार-पाच दिवस काहीही घालू नका, शेणकाला आणि थोडी चुन्याची निवळी घाला. लिंबाची सालं, लोणचं, अंड्याची टरफलं, हाडं, करवंट्या आत जाऊ देऊ नका. पाइप शेगडीपर्यंत १५–२० मीटरपेक्षा लांब नसावा, सखल जागी पाणी काढायची तोटी हवी, आणि शेगडी बायोगॅसच्या मोठ्या छिद्राची हवी. एलपीजीच्या शेगडीवर हा गॅस नीट जळत नाही. बाहेर पडणारी राबडी बागेला घाला. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीसारख्या कृषी विद्यापीठांत तर शेत शेजारीच असतं.

भांडी घासायच्या मोरीपुढे ५०० लिटरचं, दोन आडभिंतींचं तेल अडवणारं चेंबर बांधा आणि दर आठवड्याला वरचा थर काढा. ते नसेल तर मेसचं तेल पुढची लाइन धरतं.

पंखे, दिवे, आणि आता सौर पॅनेल

साधा पंखा ७०–७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा पंखा) ३० च्या आसपास. १०० पंखे, दिवसाला १४ तास, वर्षाला २७० दिवस: सुमारे १६,००० युनिट वाचतात. जुना रेग्युलेटर काढूनच हा पंखा जोडा, नाहीतर त्याचं सर्किट जळतं. रिमोटवाला पंखा हॉस्टेलमध्ये नको, सहा महिन्यांत निम्मे रिमोट हरवतात. भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारा घ्या.

पॅनेलसाठी दर किलोवॅटला १० चौरस मीटर गच्ची धरा. कलेक्टर, टाक्या आणि कपडे वाळत घालायची जागा सोडून २५ किलोवॅट बसतात. महाराष्ट्रात किलोवॅटमागे वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास, म्हणजे ३५,००० युनिट. ढाचा अडीच मीटर उंच करा: खाली कपडे वाळतात, गच्चीवर सावली पडते, वरचा मजला आणखी थंड होतो. लोखंड जास्त लागतं, पण फायदा दुहेरी आहे. ढाच्याचे पाय कोब्यात ड्रिल मारून रोवू देऊ नका, पहिल्याच पावसात स्लॅब गळतो. खांबांच्या डोक्यावर काँक्रीटचे चौथरे आधी ओतून, त्यांच्याभोवती वॉटरप्रूफिंग करून मग बोल्ट बसवा. महावितरणकडे नेट मीटरिंगचा (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करण्याचा) अर्ज काम सुरू करण्याआधी द्या.

सुट्टीतलं हॉस्टेल

परीक्षा संपल्या की इमारत रिकामी होते आणि नेमकं तेव्हाच ऊन सगळ्यात कडक असतं. ही गोष्ट बहुतेक आराखड्यांत नसते.

सौर पाणी कोणी वापरत नाही, टाकी उकळते, रबरी सील खराब होतात, काचेच्या नळ्या फुटतात. कलेक्टरवर जुनी चादर किंवा शेडनेट दुहेरी करून बांधा आणि आठवड्यातून एकदा टाकीतलं पाणी बदला. गरम झालेल्या रिकाम्या नळ्यांत दुपारी गार पाणी कधीही सोडू नका, भरायचं ते सूर्योदयापूर्वी. बायोगॅसला रोज ५ किलो शेण किंवा भाजीबाजारातला पाला चालू ठेवा, नाहीतर जूनमध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात. खडीच्या वाफ्यात आठवड्यातून दोनदा पाणी सोडा, कर्दळ वाळली तर नवी रुजायला पावसाळा संपतो.

हीच सुट्टी कामांची. पहिल्या मेमध्ये गळती, फ्लश आणि गच्चीची दुरुस्ती, रंग मात्र पुढच्या होळीआधी. दिवाळीच्या सुट्टीत गरम पाण्याच्या लाइन, म्हणजे थंडीत तपासता येतात. दुसऱ्या मेमध्ये खिडक्या, व्हेंटिलेटर, सांडपाण्याचा वाफा. पॅनेल त्यानंतर. कंत्राटात शेवटचे दहा टक्के पैसे एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण हिवाळा गेल्यावरच द्यायचे असं लिहा. वायरमन व प्लंबरला व्हॉल्व्हचा नकाशा मराठीत, लॅमिनेट करून, पंपघराच्या दारामागे लावून द्या.